अठरा जून: एकाच तारखेला इतकं सगळं? योगायोग की आणखी काही?

रानवारा
पणजीला गेलेल्या बहुतेकांनी अठरा जून रस्त्यावरून काजू घेतलेले असतात. पाटीवर साल नाही, नुसती तारीख. गोव्यातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पण आपल्याकडे दहा जणांना विचारलंत तर नऊ जण डोकं खाजवतील. म्हणून जरा खोदायला घेतलं, तर ही तारीख भलतीच वजनदार निघाली.

१५७६: हळदीघाटी. महाराणा प्रताप विरुद्ध मानसिंहाच्या हाताखालची अकबराची फौज.
१८१५: वॉटर्लू. नेपोलियनचा शेवट.
१८५८: ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथल्या लढाईत राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या.
१९४०: फ्रान्स कोलमडत असताना लंडनहून फ्रेंच सेनानी द गॉल यांचं रेडिओवरचं आवाहन, आणि त्याच दिवशी पार्लमेंटात चर्चिल यांचं 'फाइनेस्ट अवर'वालं भाषण.
१९४६: मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. गोव्याचा क्रांती दिन तो हाच.

पाचही ठिकाणी कुणीतरी आपल्याहून बलाढ्य शक्तीपुढे उभं ठाकलेलं दिसतं. आमच्या घरातली जुनी माणसं 'दिवसाचा गुण' म्हणायची. मी काही त्या पंथातला नाही, पण ही यादी पाहून जरा चाळवलो खरा. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्याकडे अशा आणखी तारखा असतील तर टाका. दिनविशेषाच्या ॲपमधून उचललेल्या नकोत, ज्यांच्याबद्दल दोन ओळी स्वतःहून लिहिता येतील अशाच.

चहाबाज
पहिला नंबर माझा. आधण ठेवलंय.
माझी भर: नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्टचा (१७६९). म्हणजे आपल्या झेंडावंदनाच्या दिवशी साहेबांचा वाढदिवस.

गणिती किडा
दिवसाला गुण नसतो, जोड्यांना असतो.
एका खोलीत २३ माणसं असली तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. लोकांना हे पटत नाही, कारण ते माणसं मोजतात, जोड्या मोजत नाहीत. २३ माणसांच्या जोड्या होतात २५३. आता इतिहासातल्या फक्त १०० घटना घ्या. जोड्या झाल्या ४,९५०. भागिले ३६५ केलं की तेरा-चौदा जोड्या एकाच तारखेवर आपोआप पडतात. आणि जगाच्या इतिहासात 'महत्त्वाच्या' घटना शंभर नाहीत, हजारो आहेत. कुठलीही तारीख उचला, रानवारा यांच्यासारखी पाच जणांची पंगत बसवून देतो.
बाकी 'बलाढ्य शक्तीपुढे उभं ठाकणं' हे लढाईचं वर्णन आहे, १८ जूनचं नाही.

सातबारा
किड्याशी सहमत. शिवाय वॉटर्लू त्या सूत्रात बसतच नाही. नेपोलियनकडे सत्तर हजारांच्या वर माणसं होती आणि समोरच्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनकडे त्याहून थोडी कमीच. संध्याकाळकडे त्याच्या मदतीला ब्लूखरचे प्रशियन येऊन पोचले म्हणून पारडं फिरलं. आदल्या रात्री धो धो पाऊस पडला होता, चिखलात तोफा हलेनात, म्हणून नेपोलियनने जमीन जरा सुकायची वाट पाहिली आणि हल्ला सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू केला. ते हातचे गेलेले तास पुढे नडले असं बरेच जण मानतात.

आपल्या लोकांनी वेलिंग्टनची दुसरी तारीख लक्षात ठेवायला हवी, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातलं असई. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची मोठी फौज, आणि हा (तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली) लहान सैन्य घेऊन केळणा नदीच्या अलीकडे. वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. गावं समोरासमोर असतील तर लोकांची ये-जा असणार, ये-जा असेल तर उतार असणारच. उतार होता. तिथूनच तो पलीकडे गेला. शिंद्यांच्या तोफांनी त्याचं सैन्य भाजून काढलं, जवळपास एक तृतीयांश माणसं मेली किंवा जखमी झाली, पण लढाई त्याने जिंकली. म्हातारपणी 'तुमची सर्वांत चांगली लढाई कुठली' असं विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं.

चहाबाज
हे 'समोरासमोर गावं' प्रकरण झकास. शाळेत एवढं सांगितलं असतं तर इतिहासात पास तरी झालो असतो.

साष्टीकार
मडगावचा आहे, म्हणून १९४६ बद्दल लिहितो. इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लोहिया गोव्यात मुळात कशाला आले होते हे ठाऊक नसेल.

आले होते विश्रांतीला. एप्रिलमध्ये आग्र्याच्या तुरुंगातून सुटलेले, तब्येत ढासळलेली. बर्लिनला शिकत असतानाचे त्यांचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझीस असोळण्याचे, त्यांच्या घरी राहायला आले. डॉक्टर लोहिया आलेत म्हटल्यावर माणसं भेटायला यायला लागली, आणि जो येई तो एकच गाऱ्हाणं मांडी: इथे बोलता येत नाही, लिहिता येत नाही, चार माणसं जमवता येत नाहीत. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची तो काळ. लोहियांची विश्रांती तिथेच संपली. ठरलं की मडगावात जाहीर सभा घ्यायची, परवानगी न मागता.

१८ जून, म्हणजे आमच्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. त्या भर पावसात दोघे घोडागाडीतून आले. मैदानात गर्दी आधीच जमली होती. कॅप्टन मिरांडा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल रोखलं. लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला केला. बस, एवढंच. गोळी सुटली नाही, मोठं भाषणही झालं नाही, दोघांना उचलून पोलीस चौकीत नेलं. पण माणूस पिस्तुलाचा हात धरून बाजूला करतो आणि आकाश कोसळत नाही, हे शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी सव्वाचारशे वर्षं ते कुणी पाहिलं नव्हतं. (राणे बंडं करत होते, कुंकळ्ळीकरांनी १५८३ मध्ये पाद्र्यांना मारलं होतं, हे सगळं मान्य. पण भर बाजारात, हातात काही नसताना, हे पहिल्यांदाच.)

लोहियांना नंतर हद्दीबाहेर नेऊन सोडलं. ते सप्टेंबरअखेर परत आले, कुळ्याला पकडले गेले, आग्वादच्या किल्ल्यात डांबले गेले. खरी किंमत मोजली ती इथल्या माणसांनी. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी कोर्टापुढे उभं करून थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांचीही तीच गत झाली. त्या मैदानाला आज लोहिया मैदान म्हणतात.

तर रानवारा, ही तारीख वॉटर्लू पाहून निवडलेली नाही. सभेची तयारी झाली तो दिवस म्हणून १८ जून.

रानवारा
साष्टीकार, प्रतिसाद वाचनखुणेत. पणजीतच फोंताइन्हशकडे आणखी एक तारीखवाला रस्ता आहे ना, ३१ जानेवारी? तो कसला?

साष्टीकार
तो पोर्तुगिजांच्या काळातला. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी पहिला उठाव केला, तो फसला. पुढे १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं आणि पोर्तुगालभर रस्त्यांना ३१ जानेवारी, ५ ऑक्टोबर अशी नावं पडली. पर्यटकांना गाइड लोक 'स्पेनपासून स्वातंत्र्य मिळालं तो दिवस' म्हणून सांगतात. तो १ डिसेंबर, १६४० चा. रस्त्याला तारखेचं नाव द्यायची ही खोड मूळची पोर्तुगिजांची. आम्ही त्यांना हाकलून दिल्यावर खोड ठेवली आणि तारीख आमची घातली. लिस्बनच्या लोकांनीही तेच केलं म्हणा: तिथल्या मोठ्या पुलाला सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा '२५ एप्रिल पूल' झाला.

ऱ्हाइनकाठी
१९४० बद्दल थोडं. गणिती किड्याच्या हिशेबात ती जोडी धरता येणार नाही, कारण दोन्ही भाषणांमागे कारण एकच होतं. १७ जूनला फ्रान्सचे नवे पंतप्रधान मार्शल पेतां यांनी रेडिओवरून सांगितलं की लढाई थांबवायला हवी, जर्मनांकडे बोलणी लावली आहेत. त्याच दिवशी द गॉल विमानाने लंडनला पोचले. दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चिलनी पार्लमेंटात आपल्या लोकांना धीर दिला आणि रात्री द गॉलनी बीबीसीवरून फ्रेंचांना. एकाच धक्क्याचे हे दोन पडसाद. त्या दिवशी वॉटर्लूला बरोबर १२५ वर्षं होत होती, हा मात्र निव्वळ योगायोग, आणि तोही असा खवचट की फ्रेंच सेनानी फ्रान्स वाचवायला इंग्रजांच्याच माइकपुढे बसलेला!
आणखी एक गंमत. ते भाषण त्या रात्री फारच थोड्यांनी ऐकलं आणि बीबीसीकडे त्याचं ध्वनिमुद्रणही उरलेलं नाही. 'फ्रान्स लढाई हरला आहे, युद्ध नाही' हे जे वाक्य सगळे त्या भाषणातलं म्हणून सांगतात, ते नंतर लावलेल्या भित्तिपत्रकावरचं आहे.

पंचांगवाला
सगळे योगायोग मोजत बसलात, पण यातल्या निम्म्या तारखा एका कॅलेंडरच्या नाहीतच.

हळदीघाटीची १८ जून १५७६ ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची तारीख. पोप ग्रेगरीची सुधारणा आली ऑक्टोबर १५८२ मध्ये. आजच्या कॅलेंडरवर बसवली तर हळदीघाटी येते २८ जूनला. म्हणजे वॉटर्लूशी तिची गाठ पडतच नाही. त्यात काही जण तारीख १८ नाही, २१ मानतात. रक्ततलाईला, म्हणजे त्या रणभूमीवर, पुरातत्त्व खात्याच्या फलकावर २१ होती. वाद झाल्यावर २०२१ मध्ये ते फलक काढले गेले.

राणी लक्ष्मीबाईंचं दुखणं वेगळं. १८५८ पर्यंत इंग्रज ग्रेगरियनवर आलेले होते, त्यामुळे कॅलेंडरचा घोळ नाही. पण इंग्रजांच्या लष्करी नोंदींत कोटा की सरायची चकमक १७ जूनची आहे आणि आपल्याकडे बलिदान दिन १८ ला पाळला जातो. दोन्ही तारखा पुस्तकांत सापडतात.

आता महाराष्ट्राचं मोठं उदाहरण घ्या. दर वर्षी ६ जूनला व्हॉट्सॲपवर फिरतं की शिवराज्याभिषेक आणि नॉर्मंडीचा डी-डे (दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस) एकाच तारखेला. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जून १६७४ ही त्याची तारीख इंग्रजी हिशेबाची आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता, आणि इंग्रज तेव्हा ज्युलियन पाळत होते. त्यांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, जेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी पोपचं फर्मान सोळाव्या शतकातच मानलेलं. म्हणजे रायगडावर महाराज सिंहासनावर बसले त्या दिवशी मुंबईचा इंग्रज कारकून वहीत ६ जून लिहीत होता आणि गोव्याचा पोर्तुगीज कारकून १६ जून. दिवस एकच. तारीख विचाराल तर कुणाच्या वहीत बघता त्यावर आहे.

डी-डेचं तर त्याहून मजेशीर. तो ठरला होता ५ जूनला. हवामान बिघडलं म्हणून एक दिवस पुढे ढकलला.

गणिती किडा
पंचांगवाला, हे माझ्या मुद्द्याच्या बाजूने जातं की विरुद्ध, ते ठरवतोय. तूर्त +१.

कट्टेकरी
मग शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस? २३ एप्रिल १६१६, दोघे एकाच दिवशी गेले म्हणून जागतिक पुस्तक दिन असतो म्हणतात.

पंचांगवाला
स्पेन ग्रेगरियन, इंग्लंड ज्युलियन. शेक्सपिअर सर्व्हांटिसच्या मागून दहा दिवसांनी गेला. आणि सर्व्हांटिसचा २३ हा दफनाचा दिवस असल्याचं आता मानतात, मृत्यू आदल्या दिवशीचा. तरी पुस्तक दिन २३ लाच ठेवावा. पुस्तकं वाचायला खगोलशास्त्र लागत नाही.

कट्टेकरी
आणि पानिपत? १४ जानेवारी १७६१, ऐन संक्रांतीच्या दिवशी. 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली' असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. हा तरी योगायोग खरा ना? तेव्हा तर ग्रेगरियन आलेलं होतं.

पंचांगवाला
तारीख ग्रेगरियन, बरोबर. वार बुधवार, तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पण संक्रांत त्या दिवशी नव्हती.
आपली मकरसंक्रांत नक्षत्रांच्या हिशेबाने चालते, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या. दोन वर्षांच्या लांबीत मिनिटांचा फरक आहे, पण तो साठत जातो आणि संक्रांत हळूहळू पुढे सरकते. पुरावा हवा तर स्वामी विवेकानंद. त्यांचा जन्म मकरसंक्रांतीचा, ही गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. म्हणजे तेव्हा संक्रांत १२ ला होती. त्याच्याही मागे शंभर वर्षं गेलात तर ती १० च्या आसपास येते. पानिपताच्या रणावर भाऊसाहेब उतरले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. छावणीत खायला दाणा नव्हता, जनावरं मरत होती, 'उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू' म्हणून लोक बाहेर पडले. या सगळ्याला संक्रांतीची फोडणी कशाला हवी?

चहाबाज
लहानपणच्या एकेका गोष्टीचा आज मुडदा पडतोय. दुसरा कप घेतो.

संपादक
कट्टेकरी, पानिपतावर आधीच चार धागे धगधगत आहेत. इथे तारखांवरच राहू या.

ऱ्हाइनकाठी
कॅलेंडरचं मान्य, संख्याशास्त्राचंही मान्य. तरी एक तिसरा प्रकार राहतो. जर्मनीत ९ नोव्हेंबरला 'नशिबाचा दिवस' म्हणतात.

१९१८: कैसर गेला, शाइडमान यांनी राइशटागच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं.
१९२३: म्युनिकमध्ये हिटलरची बंडाळी. आदल्या संध्याकाळी बिअर हॉलमध्ये सुरू झालेली, ९ ला दुपारी मोर्चावर गोळीबार होऊन संपली. सोळा बंडखोर आणि चार पोलीस ठार.
१९३८: देशभर ज्यूंची सिनेगॉगं जाळली, दुकानं फोडली, हजारो ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं.
१९८९: बर्लिनची भिंत उघडली.

ही यादी पाहून रानवारांसारखंच कुणालाही वाटेल की तारखेतच काही आहे. पण नीट पाहा. १९१८ च्या त्या (वायमार) प्रजासत्ताकाचा जन्मदिवस म्हणजे हिटलरच्या लेखी देशद्रोहाचा दिवस. १९२३ च्या बंडाच्या वेळी पाच वर्षांपूर्वीचा तो 'नोव्हेंबरचा अपराध' सगळ्यांच्या तोंडी होता. सत्तेवर आल्यावर नाझींनी त्या फसलेल्या बंडाचा दर वर्षी ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये सोहळा सुरू केला. १९३८ मध्ये पॅरिसला गोळ्या घातलेला जर्मन राजनैतिक अधिकारी फोम राट ९ नोव्हेंबरला मेला, तेव्हा पक्षाचे देशभरातले म्होरके त्या सोहळ्यासाठी म्युनिकच्या जुन्या टाउन हॉलमध्ये जेवायला एकत्र बसलेलेच होते. गोबेल्सने तिथेच भडकावणारं भाषण केलं, आणि तिथूनच फोन सुटले. माणसं विखुरलेली असती तर एका रात्रीत एवढं घडवणं सोपं गेलं नसतं. म्हणजे १९३८ ला ती तारीख नुसती आठवणीसाठी नव्हती. तिने माणसं एका खोलीत आणून बसवली होती.

१९८९ मात्र खरोखरचा अपघात. पूर्व जर्मनीचे शाबोव्स्की पत्रकार परिषदेत हातातला कागद वाचत होते. नवे प्रवासनियम कधीपासून, असं विचारल्यावर कागद चाळून म्हणाले, 'माझ्या माहितीप्रमाणे... ताबडतोब.' नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. टीव्हीवर ते ऐकून लोक नाक्यांवर लोटले, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर स्ट्रासच्या अधिकाऱ्याने वरून हुकूम नसताना फाटक उघडलं.

मग जर्मनीचा राष्ट्रीय दिवस ९ नोव्हेंबर का नाही? कारण त्याच तारखेला १९३८ आहे. एकीकरण ३ ऑक्टोबर १९९० ला झालं आणि सुट्टी त्या दिवशी असते. इथे शेजारचे लोक ९ ला दारापुढच्या फुटपाथवर बसवलेले ज्यू शेजाऱ्यांच्या नावांचे पितळी चौकोन घासून चकचकीत करतात, मेणबत्ती लावतात. त्याच रात्री टीव्हीवर भिंतीवर चढलेली पोरं दाखवतात. एकाच दिवशी दोन्ही करायचं म्हणजे अवघड जातं लोकांना.

साष्टीकार
हे आपल्या १५ ऑगस्टला तंतोतंत लागू पडतं. माउंटबॅटननी १५ ऑगस्ट निवडला तो जपानच्या शरणागतीला दोन वर्षं होतात म्हणून, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या सम्राटाने रेडिओवरून हार मान्य केली. कोरियाचा स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्ट असण्याचं कारणही तेच. आता आपली कडी: १९५४ च्या १५ ऑगस्टला गोवेकर सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले, आणि १९५५ च्या १५ ऑगस्टला भारतभरातले हजारो सत्याग्रही सीमेवरून आत घुसले. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल गोळी लागून पडले. त्या एका दिवशी वीसहून अधिक माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. तारीख अर्थातच ठरवून घेतलेली. टोकियोतल्या एका भाषणाचा धागा पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत येतो, आणि मधली प्रत्येक गाठ कुणीतरी हाताने मारलेली आहे.
२६ जानेवारीही तशीच. १९३० चा पूर्ण स्वराज्य दिन वाया जाऊ नये म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबवून १९५० च्या २६ जानेवारीला लागू केली.

गिरणगाव
मुंबईत तारखा निवडाव्या लागत नाहीत, अंगावर येतात. नुसतं 'सव्वीस जुलै' म्हणा, साल कुणी विचारणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा नाही. त्याच तारखेला १९०२ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. कोल्हापूरकरांना विचारा, त्यांची सव्वीस जुलै वेगळी.
१४ एप्रिलचं तसंच. चैत्यभूमीला निळे झेंडे असतात, आणि भायखळ्याच्या फायर ब्रिगेडमध्ये शहीद जवानांना मानवंदना. १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उडालं. पोटात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. कापूस पेटला म्हणून विझवायला गेलेले बंबवाले स्फोटात गेले. देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यामुळे.

शाळामास्तर
माझी तारीख १ ऑगस्ट. साल दोन्हीकडे एकच, १९२०. लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात गेले, आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. एकाच दिवशी. शिवाय गांधीजींची असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली.

शाळेत याचं काय होतं सांगतो. एकाच टेबलावर दोन तसबिरी, एक पुण्यतिथी, एक जयंती. हार दोन, नारळ एक. मुलं टिळकांवर भाषण पाठ करून येतात, 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत' ठरलेलं. अण्णा भाऊंवर मात्र शेवटी एखाद्या मुलीला उभं करतात, ती 'थोर साहित्यिक होते' म्हणून खाली बसते. दोन वर्षं झाली, मी क्रम उलटा लावला. आधी अण्णा भाऊ. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, आणि त्याच्या नावावर कादंबऱ्या, कथा, पोवाडे, लावण्या. पोरं कान टवकारून ऐकतात, कारण आमच्या वर्गात पायी गाव सोडलेल्यांची नातवंडं आहेत. टिळक नंतर, सावकाश. त्यांचं काही बिघडत नाही.
एक पालक विचारायला आले, 'टिळकांचा मान खाली केलात का?' मी म्हटलं, 'साहेब, मान तारखेच्या क्रमाने द्यायचा तर जन्म आधी धरू की मृत्यू?' निरुत्तर झाले नाहीत, पण चहा घेऊन गेले.

पंचांगवाला
मास्तर, त्याचंही उत्तर आहे. टिळक गेले मध्यरात्र उलटल्यावर, साडेबाराच्या पुढे. इंग्रजी हिशेबाने तारीख १ लागली. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे त्या वेळी सरदारगृहाबाहेर पावसात उभ्या असलेल्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या लेखी शनिवारच चालू असणार. छापून आला रविवार. हीच फट १९४७ ला कामी आली. ज्योतिषी म्हणाले १५ ऑगस्ट अशुभ, माउंटबॅटन तारीख हलवेनात. मग घटना समितीची बैठक १४ च्या रात्री अकराला बोलावली आणि सत्तांतर मध्यरात्री. इंग्रजांचा १५ लागला, ज्योतिषांचा १४ अजून संपला नव्हता.

शाळामास्तर
मग अण्णा भाऊंचा जन्म किती वाजता?

पंचांगवाला
ज्यांच्या घरी घड्याळ नव्हतं त्यांच्या वेळा कुणी लिहून ठेवल्या नाहीत, मास्तर.

रानवारा
मूळ प्रश्न पुरता उसवून ठेवलात सगळ्यांनी. तरी १ ऑगस्ट १९२० मला सोडवत नाही. तारीखही एक आणि सालही. किडे, याला काय म्हणाल?

गणिती किडा
असहकाराची तारीख आधी जाहीर झालेली होती, ती वजा करा. राहिले दोन: एक मृत्यू, एक जन्म. त्या दिवशी महाराष्ट्रात हजारो मुलं जन्मली असणार. त्यातलं एक पुढे अण्णा भाऊ निघालं म्हणून आपण मागे वळून ती तारीख पाहतोय. ज्याला हे पटत नसेल त्याने पुस्तक न उघडता, आठवतील तशा पन्नास तारखा लिहून इथे टाकाव्यात. जोड्या मी मोजून देतो. पंचांगवाल्यांनी आधी त्या एका कॅलेंडरवर आणून द्याव्यात, एवढी अट.

पंचांगवाला
१७५२ च्या आधीच्या इंग्रजी तारखांचे वेगळे पैसे पडतील.